संसारावर तुळशीपत्र?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे थोर माणसाविषयी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते. अमक्यांनी समाजासाठी आपल्या संसारावर तुळशीपत्र ठेवले! हे वाक्य उच्चारले की टाळ्या पडतात, वक्ता पाण्याचा घोट घेतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जयंतीला, म्हणजे १८ एप्रिलच्या आगेमागे, आणि ९ नोव्हेंबरच्या पुण्यतिथीला हे वाक्य मी शाळेपासून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारावे असे कुणाला वाटतही नसेल. या लेखात मला तेच विचारायचे आहे. कर्व्यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवले, हे खरे आहे काय? आणि ठेवले असेल, तर ते तुळशीपत्र नेमके कुणाच्या ताटावर पडले?

माझे गाव दापोली तालुक्यात आहे. कर्व्यांचे मुरुड आमच्याच तालुक्यातले. त्यामुळे 'अण्णा' हे नाव आमच्या भागात जरा घरच्यासारखे घेतले जाते. पण घरच्यासारखे नाव घेणे निराळे आणि त्या माणसाचे घर समजून घेणे निराळे. आपण त्यांना महर्षी केले, १९५८ साली देशाने त्यांना भारतरत्न केले, पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता झाला. या सगळ्यात एक साधी गोष्ट मागे पडली. हा माणूस तेवीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकवीत होता आणि त्याच काळात बायकापोरांचा संसारही करीत होता. महर्षींपुढे आपण हात जोडतो. एखाद्या प्राध्यापकापाशी मात्र आपल्याला बसता येते, त्याला शंका विचारता येते. म्हणून मला त्या प्राध्यापकाविषयी लिहावेसे वाटते.

प्रथम विद्यार्थी कर्व्यांविषयी. कारण माझ्यासारख्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींना तेच अधिक जवळचे वाटतील. त्यांचा जन्म १८५८ चा. मुरुडच्या शाळेत सोमण नावाचे एक शिक्षक होते. गावासाठी काही करावे, ही ओढ कर्व्यांना त्यांच्यापासून लागली. त्यांच्या प्रेरणेने हा मुलगा देवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेला. शंभरावर मैलांची वाट, तीही पायी. तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याची किरकोळ अंगकाठी पाहिली आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवले! पुढच्या वर्षी त्याने कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले, तेव्हा वय तेवीस. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी.ए. झाले. तोवर त्यांचे लग्न होऊन बरीच वर्षे लोटली होती आणि मोठा मुलगा रघुनाथ दोन वर्षांचा झाला होता.

ही गोष्ट आम्हाला शाळेत चिकाटीचा धडा म्हणून सांगत. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. कर्वे एका जागी हुशार म्हणून चमकलेले विद्यार्थी नव्हते. ते उशिरा शिकलेले, लाजाळू, सभेत बोलायला कचरणारे होते. आपल्या वर्गात मागच्या बाकावर असे कितीतरी जण बसलेले असतात. त्यांच्याकडे पाहून कुणाला महर्षी आठवत नाही.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. लोकमान्य टिळक तेथून बाहेर पडल्यावर गणिताची जागा रिकामी होती. कर्वे त्या वेळी मुंबईत होते. तिथे शाळांमधून शिकवून आणि पहाटेपासून शिकवण्या करून ते घर चालवीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हायचे म्हणजे महिना पंचाहत्तर रुपयांवर सारी उमेद घालवायची. तरी ते गेले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले.

ते शिक्षक म्हणून कसे होते? मला सर्वांत बोलका वाटतो तो रँग्लर परांजप्यांचा दाखला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा नात्यातला, मुर्डीचा, म्हणजे आमच्याच बाजूचा मुलगा. कर्व्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकवले. तो मुलगा केंब्रिजला गेला, १८९९ साली सीनियर रँग्लर झाला आणि परत येऊन १९०२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. त्याच फर्ग्युसनचा, जेथे कर्वे साधे प्राध्यापक होते! ज्याला आपल्या घरच्या ताटातला घास दिला, त्याच्या हाताखाली पुढची बारा वर्षे कर्व्यांनी नोकरी केली. विद्यार्थी आपल्यापुढे गेला याचे सुख मानणारे शिक्षक आजही असतात. पण आपल्या डोक्यावर बसल्यावरही ते सुख टिकवणारे किती?

आता संसाराकडे वळू. १८९१ मध्येच कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे ही त्या काळची रीत. वयाचा विचार कुणी करीत नसे. कर्व्यांनी ठरवले की करायचे तर विधवेशीच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच, लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत विधवा झालेली होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विद्यार्थिनी होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना 'बाया' म्हणू लागले. मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी फंड उभा केला होता, त्याच गावात स्वतःच्या भावाच्या घरी राहायची त्यांना चोरी झाली.

१८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला हलवला. आज तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तिथे गर्दी मावत नाही. त्या वेळी तिथे माळ होता आणि त्यावर एक झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे जिन्नस बरोबर घेऊन, चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे, हा त्यांचा क्रम. हे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. त्या वेळी घरी काय चालले होते, ते मात्र तिथे नसते.

ते बायांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या ग्रंथालयात ते आहे, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलीने ते एकदा तरी घरी न्यावे असे मला वाटते. मुलांनीही न्यावे. त्यात कळते की गणिताच्या या प्राध्यापकाच्या घरचा हिशेब जुळवीत होत्या बाया. कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमाला दिली. पुढे आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. उद्या यांचे काही बरेवाईट झाले तर पोरांना घेऊन मी कुठे जाऊ, असा प्रश्न कोणत्याही आईला पडेल. बायांना तो पडला आणि त्या भांडल्या. भांडल्या, याचे मला फार बरे वाटले. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेतले, चार पैसे मिळवले, पाहुण्यांची आणि शिकायला राहिलेल्या मुलांची उठबस केली. शंकर, दिनकर आणि भास्कर या आपल्या मुलांना वाढवले.

आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. आश्रम म्हणजे पुनर्विवाहाचा अड्डा, असा लोकांचा समज होऊ नये म्हणून कर्व्यांनी विधवांचे शिक्षण आणि विधवांचे विवाह ही दोन कामे कटाक्षाने वेगळी ठेवली. तसे केले नसते तर देणग्या आटल्या असत्या आणि आईबापांनी मुली पाठवल्या नसत्या. हे व्यवहाराला धरून झाले. पण त्याचा परिणाम असा की, ज्या बाईच्या लग्नातून हे सारे सुरू झाले, तिलाच पुनर्विवाहित म्हणून नवऱ्याच्या आश्रमात मोकळेपणाने वावरता येईना. बायांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले मात्र त्याच आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. आश्रमासाठी निधी गोळा करीत त्या थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एक बहीण आत, एक बहीण बाहेर! वसंत कानेटकरांनी कर्वे पतिपत्नींच्या जीवनावरून सुचलेले नाटक लिहिले, त्याला 'हिमालयाची सावली' हे नाव दिले ते उगीच नाही. १९७२ साली ते रंगभूमीवर आले आणि त्यातली बयो प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. मला मात्र 'सावली' या शब्दाविषयी थोडे म्हणायचे आहे. सावलीला स्वतःचे अंग नसते. बायांना होते. तेही झिजत होते.

तर मग, संसारावर तुळशीपत्र ठेवले हे म्हणणे मला दोन्ही बाजूंनी चुकीचे वाटते. एक तर अण्णांनी संसार सोडला नाही. सोडला असता तर गोष्ट सोपी झाली असती. आपल्याकडे घर सोडून गेलेल्या माणसाला चटकन वंदन करण्याची सवय आहे. घरात राहून, मुलांच्या शाळा, आजारपण, पाहुणे आणि पंचाहत्तर रुपये सांभाळून सार्वजनिक काम करणे हे त्याहून अवघड. अण्णांनी ते केले. आणि त्यांची मुले पाहिली तर त्या घरात नुसती ओढाताण होती असेही म्हणता येत नाही. थोरले रघुनाथराव गणिताचेच प्राध्यापक झाले. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले, आणि इरावतीबाई कर्वे या त्यांच्या पत्नी. भास्कररावांनी हिंगण्याच्या संस्थेत काम केले. ज्या घरात बापाने मुलांकडे पाठच फिरवली, त्या घरातून अशी माणसे निघत नाहीत.

दुसरी बाजू अशी की, त्यागाची किंमत अण्णांनी एकट्याने मोजली नाही. ती बायांनी मोजली, मुलांनी मोजली. भाषणात आपण सारे श्रेय एका नावावर जमा करतो आणि खर्च कुणाच्या नावे पडला ते सांगत नाही. गणिताच्या प्राध्यापकाची आठवण काढताना निदान हिशेब तरी पुरा मांडावा.

कुणी म्हणेल, थोर माणसाच्या घरात कशाला डोकवायचे? त्याचे काम पाहावे, घर त्याचे त्याच्यापाशी. मला हे पटत नाही. कारण आम्ही, घरातले पहिले शिकणारे, आज बाकावर बसलो आहोत ते अशाच न मांडलेल्या हिशेबावर. माझे वडील दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखण करतात. आई चौथीपर्यंत शिकली आणि तिची शाळा धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून सुटली. माझी परीक्षा फी भरली त्या महिन्यात घरात काय आले नाही, हे मला कुणी सांगितले नाही. मला ते दिसले. उद्या मी शिक्षिका झाले आणि माझा सत्कार झाला, तर प्रतिकूल परिस्थितीवर मात केली असे कुणीतरी म्हणेलच. ती मात माझ्या एकटीची नसेल.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून हा हिशेब पुरा होणार नाही. अण्णांचा आश्रम आरंभी ब्राह्मण विधवांपुरताच होता. माझ्या पणजीला तिथे प्रवेश मिळाला नसता. खरे तर तिला त्या आश्रमाची त्या अर्थाने गरजही नव्हती, कारण आम्हा कुणब्यांत विधवेचा पाट लावण्याची चाल होती. आमच्या घरातल्या बायकांना दुसऱ्या लग्नाची बंदी नव्हती, बंदी होती ती अक्षराची. ती बंदी मोडण्याचे काम पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ सालीच सुरू केले होते, अण्णांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी. हे मी अण्णांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. माणूस ज्या घरात जन्मतो, तिथले दुःख त्याला आधी दिसते. महत्त्वाचे हे की, तो तिथेच थांबतो की पुढे जातो. अण्णा थांबले नाहीत. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात अवघ्या पाच मुली होत्या. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी ते दारोदार पैसे मागत फिरू लागले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध त्यांनी समता संघ स्थापला. ज्या वयात माणसे आपली जुनी मतेच घट्ट धरून बसतात, त्या वयात हा म्हातारा आपले वर्तुळ वाढवीत होता. आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्या आमच्यासारख्यांपर्यंत तो उशिरा आला, पण आला.

शेवटी आजच्या शिक्षकांविषयी. पंचाहत्तर रुपयांवर शिकवणाऱ्या कर्व्यांचे उदाहरण आज प्राध्यापकांना देण्याची एक पद्धत पडली आहे. पगाराचे काय घेऊन बसलात, कर्व्यांकडे पाहा! ही तुलना मला अन्यायाची वाटते. आज अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण प्राध्यापक आहेत. तासाला मोजून पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. कर्व्यांना आजीव सदस्यत्व होते. पगार थोडा, पण पायाखालची जमीन पक्की. त्या जमिनीवर उभे राहून त्यांनी स्वतःहून त्याग केला. ज्याच्याकडे सोडायला काही आहे, त्याच्या सोडण्याला त्याग म्हणावे. ज्याला आधीच उपाशी ठेवले आहे, त्याला त्यागाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. लग्न ठरत नाही, म्हाताऱ्या आईचे औषध थांबले आहे, अशा विवंचनेत असलेला शिक्षक विद्यार्थ्याला घरी ठेवून कसा घेणार? तरीसुद्धा आमच्यातल्या एखाद्याची पुस्तके आपल्या खिशातून आणून देणारे शिक्षक याच अवस्थेत आम्हाला भेटतात, हे मला कृतज्ञतेने नोंदवायचे आहे. त्यांचे आभार मानून थांबायचे नाही, त्यांच्या बाजूने बोलायचेही आहे.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी एक सूचना आहे. पुढच्या एप्रिलमध्ये अण्णांच्या तसबिरीला हार घालताना शेजारी बायांचीही तसबीर ठेवू या. आनंदीबाई १९५० साली गेल्या, अण्णा त्यांच्यामागे बारा वर्षे जगून १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन गेले. आणि भाषणाऐवजी त्या दिवशी 'माझे पुराण' आणि अण्णांचे 'आत्मवृत्त' यांतले वाचन ठेवू या. दोघांचे म्हणणे जिथे जुळत नाही, तिथे थांबून वाद घालू या. सभेत बोलायला कचरणाऱ्या त्या प्राध्यापकाला टाळ्यांपेक्षा हे अधिक आवडेल, असे मला वाटते. आणि हा कार्यक्रम आपापल्या आईला आणून दाखवता आला, तर मला आणखी आवडेल. माझी आई यायला तयार आहे. मात्र कार्यक्रम दुपारी दोननंतर ठेवा, त्याआधी तिला बागेतून सुट्टी मिळत नाही.